गाभण कॉम्प्युटर

आमच्या घरात दोन कॉम्प्युटर होते, पण दिसायचा एकच.

दुसरा पहिल्याच्या पोटात होता. त्याचं असं झालं, माझी बायको सुनंदा तेव्हा एम.फिल. करत होती. विषय होता हुपरीच्या चांदी कारागिरांची बोली. (माहेरच हुपरीचं, त्यामुळे संशोधनाला गेलं की आईच्या हातचं जेवणही व्हायचं!) सगळा प्रबंध तिनं मराठी टायपिंगच्या एका जुनाट सॉफ्टवेअरमध्ये बडवला होता आणि ते फक्त आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर चालायचं. तो अखेरच्या घटका मोजायला लागला तसा मी नवा आणला. नव्यावर ते सॉफ्टवेअर उघडेचना! पण मी पडलो कॉम्प्युटर क्लासमधला मास्तर. हार मानतो होय? मी नव्याच्या आत एक व्हर्च्युअल मशीन तयार केलं. म्हणजे खोटाखोटा जुना कॉम्प्युटर, त्याच्या जुन्या विंडोजसकट. सुनंदा तो खिडकीसारखा उघडायची, आत टाईप करायची आणि मिटून ठेवायची.

"एकाच्या पोटात दुसरा?" आबांनी विचारलं. माझ्या वडिलांची सगळी नोकरी डेअरीत गेलेली. "म्हंजे गाभण हाय म्हण की!"

याच गाभण कॉम्प्युटरला मी टीव्हीचं कार्डही बसवलं होतं. केबल जोडली की टीव्ही दिसायचा, बटण दाबलं की रेकॉर्ड व्हायचा. आणि इथंच घात झाला.

एका रविवारी कबनूरला अक्काच्या, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या नव्या घराची वास्तुशांत होती. नेमकं त्याच दिवशी केबलवर कुस्त्यांचं मैदान थेट दाखवणार होते. आबा हटून बसले.

"तुमी जावा. मी येत न्हाय."

"अहो, पोटच्या पोरीची वास्तुशांत हाय!" आई ओरडली.

"घर कुठं पळून जातंय? कुस्ती पळून जाती."

मी ऐटीत म्हणालो, "आबा, मी रेकॉर्ड लावून जातो. उद्या निवांत बघा." आणि लावलं. सुरू कसं करायचं ते मला येत होतं. आपण घरी नसताना ते बंद कोण करणार, हा प्रश्न मात्र कबनूर येईपर्यंत माझ्या डोक्यात आला नाही. आल्यावरही मी तो श्रीखंडाबरोबर गिळून टाकला. त्यात अक्कानं मुक्कामाला ठेवून घेतलं. एरवी दिवसातून दोनदा जाणारी लाईट त्या रविवारी एकदाही गेली नाही!

सोमवारी सकाळी परत आलो. प्रबंध बुधवारी द्यायचा होता. सुनंदानं तिचं मशीन उघडलं, चार ओळी लिहिल्या, आणि ते जागच्या जागी थिजलं. इंग्रजीत पाटी आली, की डिस्कवर जागा उरलेली नाही.

"अहो, हे काय म्हणतंय?"

"किरकोळ आहे गं," मी म्हणालो. (माझ्या आयुष्यातली सगळी मोठी संकटं याच वाक्यानं सुरू झाली आहेत.) "तू कॉलेजला जा. येईपर्यंत करून ठेवतो."

ती शिकवायला गेली. मी बघतो तर आबांच्या कुस्तीनं अख्खी डिस्क खाल्ली होती! दुपार, संध्याकाळ, रात्र, जेवढं मावेल तेवढं सगळं रेकॉर्ड. मी पुसायला घेतलं, तर मागून आबांचा हात खांद्यावर.

"ए! अजून बघिटली न्हाय मी. पुसायचं न्हाय!"

"मग बघा की लवकर."

"आंघूळ-पाणी, देवपूजा, जेवाण. मग बघतो."

एवढं थांबायला मला कुठला धीर? मी दुसरं काही पुसण्यासारखं आहे का ते शोधायला लागलो. आणि सापडलं! 'जुनंसामान' नावाची एक अगडबंब फाईल. म्हटलं, जुन्या कॉम्प्युटरचा काहीतरी कचरा दिसतोय. पुसायला गेलो तर पाटी आली, की ही फाईल कुणीतरी वापरत आहे.

"कोण वापरतंय रे फाईल?" मी घरात ओरडलो.

"मी न्हाय बाबा," आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "मी कणीक मळतोय."

मी चिडून उघडं होतं नव्हतं ते सगळं बंद केलं. सुनंदाचं थिजलेलं मशीनही मुंडी मुरगाळून बंद केलं. आता फाईल निमूट तयार झाली. नवी पाटी आली, फाईल फार मोठी आहे, कचरापेटीत मावत नाही, कायमची पुसू का? मी बोट उचललं...

आणि लाईट गेली.

(घरात बॅटरीवाला डबा होता. त्यातली बॅटरी दिवाळीपासून मेलेली होती.)

तेवढ्यात सुनंदा परत आली. पर्स ठेवली, पाणी प्यायली आणि सहज विचारलं, "झालं का सुरू आमचं जुनं सामान?"

"कुठलं जुनं सामान?"

"असं काय करताय! माझ्या मशीनला तुम्हीच नाही का हे नाव दिलंय? रोज त्याच्यावर टिचकी मारते की मी."

माझ्या पायाखालची फरशी हलली. ते अख्खं मशीन म्हणजेच ती फाईल! आणि मी 'होय' दाबलं होतं का नव्हतं, तेच मला आठवेना! आधी बोट पडलं की आधी लाईट गेली? माझ्या चेहऱ्याकडे बघून ती म्हणाली, "काय झालं?"

"काही नाही."

"काय न्हाय कसं?" आबा मदतीला धावले. "मघाशी त्यो कायतरी पुसत हुता की! 'कायमचं' म्हणून बडबडत बी हुता."

सुनंदा एरवी पुस्तकी मराठी बोलायची. त्या क्षणी तिच्या तोंडून अख्खी हुपरी बाहेर पडली. "काय केलासा तुमी? आँ? दुसरी प्रत कुठं हाय?"

"काढलीय ना."

"कुठं ठेवलीया?"

"...त्याच मशीनमध्ये."

आईनं कुणी न सांगता देवापुढं उदबत्ती लावली. सुनंदा भिंतीकडे बघत बसली होती, आणि ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं.

लाईट आली. कॉम्प्युटर सुरू होताना मी डोळे मिटून घेतले. सुनंदानंच बघितलं. "हाय," ती पुटपुटली. "हाय की हो!"

पण जागा कुठं होती? सगळ्यांनी मिळून आबांना खुर्चीत बसवलं आणि कुस्ती लावली. पहिला अर्धा तास नुसते सत्कार. फेटे, नारळ, हार, भाषणं. मग एकदाचे दोन पैलवान मैदानात उतरले. त्यांनी हाताला हात लावला, आणि केबल गेली! पुढं निळा पडदा. तास पुढं ढकलला, निळा पडदा. रात्रीवर नेलं, निळाच!

"थांब की. पुढं कायतरी असंल," आबा म्हणाले.

"मामंजी!" सुनंदा म्हणाली. इतकंच.

"पूस बाबा," आबा मला म्हणाले.

पुसलं. मशीन सुरू केलं. आतल्या जुन्या विंडोजनं आधी मला सुनावलं, की गेल्या वेळी नीट बंद केलं नव्हतंत. मग ते आपली डिस्क तपासत बसलं. ती निळी पट्टी गोगलगाईच्या चालीनं सरकत होती आणि आम्ही चौघं तिच्यावर डोळे लावून उभे! शेवटी प्रबंध उघडला. प्रकरणं होती, तळटीपा होत्या, पैंजणांचे सगळे शब्द होते. गेल्या त्या फक्त सकाळच्या चार ओळी. सुनंदा मटकन खाली बसली आणि हसायला लागली. मग मीही हसलो, पण जरा लांब उभा राहून.

प्रबंध बुधवारी गेला. पुढं तोंडी परीक्षेला मी पेढ्यांचा पुडा घेऊन तिच्याबरोबर गेलो. परीक्षक खूश होते. बाहेर येऊन त्यांनी कौतुकानं विचारलं, "टायपिंग फार सुबक आहे हो. यजमान कॉम्प्युटरमध्ये आहेत वाटतं?"

"होते, सर," सुनंदा म्हणाली. "मी बाहेर काढलंय त्यांना."

मी पुडा पुढं केला आणि म्हणालो, "घ्या ना सर, पेढा घ्या!"