आईच्या पाठीला विचारून बसवलेल्या स्प्रिंगा

आमच्या घरातली गाडी माझ्या बायकोची आहे. लग्नाआधी तिने स्वतःच्या पगारातून घेतलेली, करड्या रंगाची सेडान. मी ती चालवतो फक्त बायको दमलेली असते तेव्हा, आणि तेव्हाही शेजारी बसून तिचा एक कान इंजिनाकडे असतो. जेल रोडवरच्या आमच्या घरून अंबडच्या कारखान्यात ती रोज याच गाडीने जाते. गाडीला आता बरीच वर्षं झाली, पण रविवारी सकाळी धुऊन पुसून उभी केली की सोसायटीतला कुणीतरी विचारतोच, नवीन घेतली का.

अशाच एका रविवारी आई गॅलरीत खुर्ची टाकून बसली होती. आई सायखेड्याची. वडील गेल्यावर ती आमच्याकडे राहायला आली. सगळा जन्म शेतात वाकून गेला, आणि एका वर्षी कांदे काढायच्या दिवसांत तिची पाठ धरली ती कायमचीच. मणक्याचं दुखणं. कमरेला पट्टा बांधल्याशिवाय ती घराबाहेर पडत नाही, आणि रिक्षाचं तर नावच काढत नाही. आम्ही पहिल्या मजल्यावर राहतो. खाली बायको गाडी पुसत होती. आई कठड्यावर हात टेकून बराच वेळ बघत राहिली आणि मग म्हणाली, "गाडी चांगली हाय गं तुझी. पण नदीतून जाताना बाईनं लुगडं वर धरावं, तशी उभी हाय."

बायको हातातलं फडकं घेऊन तशीच थांबली. चार पावलं मागे जाऊन तिने गाडीकडे पाहिलं आणि हसायला लागली. चाकाच्या वर, टायर आणि पत्र्याच्या मध्ये, चांगला पंजा जाईल एवढी फट होती. ती फट तिला गाडी घेतल्यापासून खुपत होती, आणि घरात आजवर कुणालाही ती दिसलेली नव्हती.

त्या दिवशी जेवताना तिने आम्हाला समजावून सांगितलं. मूळच्या स्प्रिंगा काढून त्यांच्या जागी थोड्या आखूड आणि कडक स्प्रिंगा बसवता येतात. गाडी जमिनीकडे उतरते, ती फट भरून येते, वळणावर गाडी एका अंगाला कलत नाही. बदल्यात रस्त्यावरचा खड्डा अंगाला जास्त कळतो. शेवटचं वाक्य ऐकून मी लगेच म्हणालो की मग विषयच संपला, आईच्या पाठीचं काय?

"माहिती आहे," ती म्हणाली. "म्हणून तर इतकी वर्षं काही केलं नाही."

मला वाटलं, झालं. आई मात्र भाकरी मोडता मोडता तिच्याकडे बघत होती.

पुढच्या आठवड्यात बायको द्वारका चौकाजवळच्या एका गॅरेजमध्ये चौकशी करून आली. तिथल्या माणसाने सांगितलं होतं की नवीन स्प्रिंगा कशाला, आहेत त्याच वेढा-दीड वेढा कापून देतो, संध्याकाळपर्यंत गाडी घेऊन जा. ती नमस्कार करून परत आली. कापलेली स्प्रिंग आपल्या जागेवर नीट बसत नाही, मोठ्या खड्ड्यात चाक लोंबकळलं तर जागा सोडू शकते, आणि बसणाऱ्याला दणका बसतो तो वेगळाच, असं तिचं म्हणणं. कारखान्यात तिचं कामच सुटे भाग तपासायचं. एखादी वस्तू आखूड केली म्हणजे ती त्या मापाची झाली, असं ती कधी मानत नाही.

मग तिला कळलं की गंगापूर धरणाच्या रस्त्यावर एका टपरीपाशी रविवारी सकाळी गाड्यांची हौस असलेली मंडळी जमतात. चहा पितात, एकमेकांच्या गाड्या बघतात. त्यातल्या बऱ्याच जणांनी गाड्या उतरवून घेतलेल्या. तिने जायचं ठरवलं आणि शनिवारी आईजवळ जाऊन बसली. "आई, तुम्ही येता का माझ्याबरोबर? त्या गाड्यांत तुम्ही बसून बघा. तुमची पाठ काय म्हणते ते मला हवंय."

आईला असं कुणी कधी विचारलं नसावं. तिच्या पाठीबद्दल सगळ्यांनी आजवर काळजी केली, औषधं आणली, कुठे नेऊ नये ते ठरवलं. पाठीचं मत घ्यायला कुणी आलं नव्हतं. ती म्हणाली, येते की. आणि सकाळी आमच्या आधी पट्टा बांधून, ठेवणीतली साडी नेसून तयार होती.

टपरीपाशी आठ-दहा गाड्या उभ्या होत्या. बायकोने कसलाही संकोच न करता एकेकाला सांगितलं की माझ्या सासूबाईंना पाठीचा त्रास आहे, त्यांना तुमच्या गाडीत एक चक्कर मारता येईल का. पोरं आधी गोंधळली, मग खूश झाली. पहिली गाडी निळी, आरशासारखी चकचकीत, जमिनीला पोट टेकेल इतकी खाली. आई मागच्या सीटवर, बायको तिच्या शेजारी, मी पुढे. पहिल्याच गतिरोधकावर असा दणका बसला की माझे दात एकमेकांवर आपटले. आईने हळू आवाजात गाडी थांबवायला सांगितली, आणि दोन्ही हातांनी सीट धरून ती थोडा वेळ डोळे मिटून बसली. गाडीवाल्या मुलाचं तोंड उतरलं. त्याने स्प्रिंगा कापून घेतल्या होत्या.

आईने उतरल्यावर त्याच्या पाठीवर हात ठेवला. "दिसायला लय देखणी हाय रे बाबा. पण बसणाऱ्याचा इचार नाय केला तू." तो मुलगा पुढे आमच्या चांगला ओळखीचा झाला आणि दिवाळीआधी त्याने त्या स्प्रिंगा काढून टाकल्या. त्या सकाळी मात्र मला वाटलं, आता घरी जायचं. मी तसं म्हणालोही. आईच म्हणाली, थांब जरा, आलोय तर दुसरी बघू.

दुसऱ्या गाडीत चांगल्या स्प्रिंगा होत्या, पण धक्का जिरवणारे शॉकअप जुनेच ठेवलेले. खड्डा गेला तरी गाडी पुढे कितीतरी वेळ वरखाली होत राहिली. आईला दणका बसला नाही, पण मळमळायला लागलं. होडीत बसल्यावाणी वाटतं, म्हणाली. बायकोने मान हलवली, म्हणजे तिला हवं ते उत्तर मिळालं होतं. स्प्रिंग बदलायची तर शॉकअपही तिच्या जोडीचे घ्यायचे, हे तिने तिथेच ठरवलं.

तिसरी गाडी दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदाराची. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. त्याची गाडी बघून ती उतरवलेली आहे हे मला कळलंही नसतं. फक्त जरा ऐटीत, पाय रोवून उभी असल्यासारखी दिसत होती. धरणाच्या वळणांवरून तो आम्हाला घेऊन गेला. खड्डे कळत होते, पण एकदाच, आणि लगेच शांत. वळणावर आई एका बाजूला सरकली नाही. आमच्या गाडीत प्रत्येक वळणाला ती हाताने वरचं हँडल धरते. त्या दिवशी तिने हात मांडीवर ठेवलेले मी पाहिले. परत आल्यावर ती म्हणाली, "हिच्यात बसून मी सायखेड्यापोत जाईन." मग पाय बाहेर काढून उभी राहायला लागली तेव्हा जरा अडली, दाराला धरूनच उठली. बायकोने तेही पाहिलं.

 मला वाटलं, तिसरी गाडी पसंत पडली, आता काय राहिलं? पण बायकोला त्या बागायतदाराच्या गाडीपेक्षा थोडी जास्त उतरवायची होती. गाडी कशी दिसायला हवी याचं एक चित्र तिच्या डोळ्यांसमोर केव्हापासून होतं, आणि तेवढ्या मापाच्या स्प्रिंगा मिळतही होत्या.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर तिने माळ्यावरून कपाटाच्या उरलेल्या फळ्या काढल्या आणि आईला घेऊन खाली गेली. मीही मागोमाग गेलो. गाडी उतरवायची तर आधी जमीन वर आणून बघू, असं तिचं साधं गणित होतं. दाराशेजारी एक फळी टाकून तिने आईला त्यावर उभं राहून गाडीत बसायला सांगितलं. आई बसली, पाय फळीवर ठेवून उठली. सहज. मग फळीवर दुसरी फळी. आई बसली खरी, पण उठताना तिने दार धरलं आणि तोंडातून बारीकसा आवाज निघाला. ती लगेच म्हणाली, "जमतंय मला. तू कर तुला पाहिजे तशी."

बायको खाली वाकून फळ्या उचलत होती. "एकाच फळीएवढी," ती म्हणाली. "तेवढी बास."

आईने आणखी दोनदा सांगून पाहिलं की पाठीचं काय, ती आज बरी उद्या वाईट. बायकोने ऐकलं नाही. इतकी वर्षं डोळ्यांसमोर बाळगलेलं चित्र तिने त्या पार्किंगमध्ये, आम्हाला जाणवूही न देता, बदलून घेतलं. मी तिच्याशी लग्न का केलं याची कारणं मला कुणी विचारली तर मी इतर काहीतरी सांगेन, पण मनात मला ती फळ्या काखेत धरून जिना चढणारी दिसते.

स्प्रिंगा मागवल्या, बरोबर शॉकअपही. बसवायच्या दिवशी मी रजा काढून गॅरेजमध्ये गेलो. सगळं जोडून गाडी लिफ्टवरून खाली आली आणि बायकोचा चेहरा पडला. पुढची बाजू छान बसली होती, मागची तशीच वर. मिस्त्रीही डोकं खाजवत चारी बाजूंनी फिरला. मग दोघांनी मिळून शोधलं. गाडी हवेत असतानाच मागचे बोल्ट पक्के आवळले गेले होते, त्यामुळे आतली रबरं पिळून धरली होती आणि गाडीला खाली बसू देत नव्हती. चाकं जमिनीवर टेकवून, गाडीचं वजन गाडीवर येऊ देऊन, बोल्ट सैल केले आणि पुन्हा आवळले. मागची बाजू हळूच खाली आली. मिस्त्री म्हणाला, अजून थोडे दिवस चालवा, जराशी आणखी बसेल. मग चाकांचं अलाइनमेंट, हेडलाइटचा झोत सरळ करणं. बायकोने यातलं काहीही उद्यावर टाकू दिलं नाही.

संध्याकाळी सोसायटीच्या फाटकातून गाडी आत आली तेव्हा आई गॅलरीत होती. मला गाड्यांतलं फार कळत नाही, पण त्या दिवशी मलाही कळलं. तीच गाडी, तोच रंग, आणि तरी कुणीतरी तिला खांदे सोडून नीट उभं राहायला सांगितल्यासारखी दिसत होती.

थोड्याच दिवसांत चुलत्यांकडे काही कार्य निघालं आणि आम्ही सायखेड्याला गेलो. आईने पुढची सीट मागून घेतली. बायकोची गाडी मी हजारदा पाहिली असेल, पण ती गाडी चालवताना कशी दिसते हे त्या दिवशी मागच्या सीटवरून पहिल्यांदा पाहिलं. स्टिअरिंगवरचे तिचे हात फार हलत नव्हते. वळण आलं की गाडी नुसती वळत होती, मध्ये डोलणं नाही, सावरणं नाही. एका वळणाआधी सवयीने तिने वेग कमी केला तर आई म्हणाली, "नको गं हळू करू. रस्ता धरून राहती ती."

सगळंच सुरळीत झालं असं नाही. चुलत्यांच्या मळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर ट्रॅक्टरच्या चाकांनी दोन्हीकडे चाकोऱ्या पडलेल्या आणि मधली माती उंच. गाडीचं पोट खर्रकन घासलं. बायकोने गाडी थांबवली, वाकून खाली पाहिलं. मग मी आणि आई उतरलो, तेवढी गाडी वर उचलली गेली, आणि एक चाक मधल्या उंचवट्यावर घेत तिने ती अलगद पार नेली. आई तेवढी वाट चालत आली. तिथे चुलते उभेच होते. त्यांनी विचारलं की चांगली गाडी खाली कशाला बसवली, आता दर वेळी घासणार. मी काहीतरी सारवासारव करणार होतो.

"सून माझी, गाडी तिची," आई म्हणाली. "आन् मला इचारून केलीय. मी बसून बघितल्याबगर तिनं एक बोल्ट फिरवला नाय." मग कमरेवर हात ठेवून ती घरात निघून गेली.  जेवणं झाल्यावर चुलते गाडीभोवती एक फेरी मारून आले, हे मी पाहिलं.

परत येताना ऊन उतरलं होतं. चांदोरी मागे पडली आणि पुढून आईचा आवाज येईनासा झाला. मी वाकून पाहिलं तर मान खिडकीकडे कलती करून ती झोपली होती. मणक्याचं दुखणं लागल्यापासून आईला गाडीत झोप लागल्याचं मला आठवत नाही. बायकोने रेडिओ बंद केला. जेल रोडला आलो, आमच्या गल्लीचं वळण आलं, आणि तिने ते घेतलं नाही. आरशात माझ्याकडे पाहिलं फक्त. सिन्नर फाट्यापर्यंत जाऊन, तिथून वळून, एकेक खड्डा चुकवत आम्ही सावकाश परत येत होतो तेव्हा आई जागी झाली. तिने बाहेर पाहिलं आणि विचारलं, घर अजून आलं नाय व्हय?

"येतंय, आई," बायको म्हणाली. "झोपा तुम्ही."