ऑगस्टची तिकिटं

त्या इटालियन गायकाचं नाव इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या आमच्या ऑफिसात दोघींनाच माहीत होतं. एक माझ्या शेजारच्या डेस्कवरची इटालियन मैत्रीण, आणि दुसरी मी, तेही तिने त्याची एक सीडी माझ्या कीबोर्डवर ठेवली म्हणून. पुण्याहून वर्क परमिटवर येऊन मला तेव्हा दोनेक वर्षं होत आली होती. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे भाषेची अडचण नव्हती. पण मला बोलायला काही सुचेपर्यंत बाकीच्यांचा विषय बदललेला असायचा, म्हणून मी बहुतेक गप्पच असे.

ती मात्र जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर येऊन बसायची आणि जुन्या प्रिंटआउटच्या कोऱ्या बाजूवर त्याच्या गाण्यातले शब्द लिहून अर्थ सांगायची. त्याची सगळी कारकीर्द मला अशीच कळली. विशीच्या आतच तो टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेत शेवटून दुसरा आला, आणि तेच हरलेलं गाणं त्या उन्हाळ्यात प्रत्येक बीचवर वाजलं. स्वतः लिहायचा, चालीही स्वतःच लावायचा. पुढचे दोन अल्बम तुफान चालले. रेकॉर्ड कंपनीने पुन्हा तसलीच प्रेमगीतं मागितली, तेव्हा त्याने वडिलांच्या बंद पडलेल्या कारखान्यावर गाणी केली. ती कोणी विकत घेतली नाहीत. मग काही वर्षं तो कुठेच नव्हता. आता नवा अल्बम आला होता आणि उन्हाळाभर तो गावोगावच्या चौकांत, जुन्या किल्ल्यांत, समुद्रकाठी गाणार होता.

"आवाज थोडा फाटलाय आता," ती म्हणाली. "मला हाच जास्त आवडतो. जुलैत आमच्या शेजारच्या गावात आहे. तू येतेयस. आईकडे राहायचं."

मी हो म्हटलं.

माझा पासपोर्ट तेव्हा क्रॉयडनला, इमिग्रेशनच्या ऑफिसात होता. परमिटची मुदत संपत आल्यामुळे कंपनीच्या वकिलांनी मुदतवाढीच्या अर्जासोबत तो तिकडे पाठवला होता. तो आल्यावरच इटलीच्या व्हिसासाठी अर्ज करता येणार होता. मध्येच परत मागितला तर अर्ज मागे घेतला असं धरतात, हे वकिलांनी पहिल्याच ईमेलमध्ये लिहिलं होतं. तिला हे दोन मिनिटांत सांगता आलं असतं. पण ती मनात आलं की शुक्रवारी नुसतं ओळखपत्र खिशात टाकून इटलीला घरी जायची आणि सोमवारी परत यायची. मला इथे राहू देणार की नाही याचीच मी वाट बघतेय, हे तिच्यासमोर उघडं करायला नको वाटलं. जूनपर्यंत येईल, असं मी स्वतःला सांगत राहिले.

जून संपत आला तरी पासपोर्ट आला नाही. माझी फ्लॅटमेट नागपूरची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. भाजी चिरता चिरता तिने सगळं ऐकून घेतलं.

"मग सांगून टाक ना तिला."

"काय सांगू?"

"खरं सांग. नाहीतर आजी सीरियस आहे म्हण. सगळे तेच करतात. माझी आजी तर दोनदा गेलीये, एकदा कॉलेजात आणि एकदा इथे."

"असं बोलू नये गं."

"अगं, उलट आयुष्य वाढतं त्याने. आणि एवढं काय आहे त्या बाबात? त्याचं एक वाक्य तरी कळतं का तुला?"

"चारेक कळतात."

"मग चार वाक्यांसाठी पाड आजीला आजारी."

माझी आजी त्या दिवसांत रोज सकाळी मैत्रिणींबरोबर टेकडी चढत होती.

दुसऱ्या दिवशी मी मैत्रिणीला सांगितलं की आजी सीरियस आहे, केव्हाही भारतात जावं लागेल, जुलैचं जमणार नाही. तिने खुर्ची माझ्याकडे ओढली आणि आजीचं नाव विचारलं. याची मी तयारी केली नव्हती. मी खरं नाव सांगितलं. तिने ते दोनदा म्हणून पाहिलं आणि कागदावर लिहून घेतलं.

सोमवारी ती म्हणाली, "आईने काल चर्चमध्ये तुझ्या आजीसाठी मेणबत्ती लावली. आता दर रविवारी लावणार आहे." आणि त्याच आठवड्यात तिने माझ्यासमोर एक प्रिंटआउट ठेवला. "जुलैची तिकिटं मी चुलतभावाला देऊन टाकली. दौऱ्यातला शेवटचा कार्यक्रम ऑगस्टच्या अखेरीस आहे, त्याची दोन घेतली. तोवर आजी बरी होईल. तुला सोडून मी नाही जाणार."

तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी थँक्यू म्हटलं.

जुलैच्या कार्यक्रमानंतर चुलतभावाचा तिला फोन आला. शेवटची तीन गाणी गायकाने स्टेजच्या कडेला बसून, नुसत्या गिटारवर म्हटली होती. तिने ते मला हौसेने सांगितलं, आपण आता महिन्याभरात ऐकूच, या खात्रीने. मी वकिलांना रोज ईमेल करत होते. रोज तेच उत्तर यायचं, अर्ज विचाराधीन आहे.

ऑगस्टच्या मध्यावर एके सकाळी मी आले तेव्हा ती खांद्यावरची बॅग न काढताच स्क्रीनसमोर बसली होती. गायकाच्या घशाला इजा झाली होती. उरलेले सगळे कार्यक्रम रद्द. त्याने स्वतः दोन ओळी लिहिल्या होत्या, की स्टेजवर परत येईन असं वचन मी देऊ शकत नाही.

"असू दे," ती म्हणाली. "तुझ्यामुळे नाही झालं हे. आजी महत्त्वाची."

मी तिला किचनमध्ये बोलावलं.

"आजी बरी आहे," मी म्हणाले.

"अरे वा. कधीपासून?"

"ती आजारी नव्हतीच. माझा पासपोर्ट क्रॉयडनला अडकलाय, मुदतवाढीसाठी. मला देशाबाहेर जाताच येत नाही."

किटली उकळून बंद झाली.

"मग एवढंच का नाही सांगितलंस?"

"लाज वाटली."

"पासपोर्टची?"

मी कपाटातून दोन कप काढले.

"सांगितलं असतंस तर मी एकटी गेले असते, जुलैत," ती म्हणाली. "वाईट वाटलं असतं, पण गेले असते."

"माहीत आहे."

"आई दर रविवारी जातेय. गुडघे दुखतात तिचे. तिला आता काय सांगू?"

"खरं सांग. माझं नाव सांग."

"नको. बरी झाली म्हणून सांगते." मग तिने कपात पाणी ओतलं आणि टी-बॅग न टाकताच कप घेऊन निघून गेली.

दुपारी ती ट्रे घेऊन कँटीनमध्ये आली, आमच्या टेबलाजवळ क्षणभर थांबली, आणि खिडकीपाशी बसलेल्या टेस्टिंग विभागाच्या लोकांत जाऊन बसली. मी उठून तिच्याकडे जायला हवं होतं. माझा डबा अर्धा उघडलेला होता. मी तो पूर्ण उघडला आणि जेवायला लागले.