मावशीचं टिनाचं शेड

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही, घरीसुद्धा नाही. आमच्या कॉलेजच्या गेटाजवळचं मावशीचं चहाचं शेड पाडायची सूचना माझी होती. प्राचार्यांची नव्हे.

कॉलेज वाशीमच्या बाहेर, रोडावर. रिठदकडच्या पोरी एसटीनं यायच्या. तास सुटले की बस यायला पुष्कळ अवकाश असे. तेवढा वेळ त्या मावशीच्या शेडात बसत. चहा घेतलाच पाहिजे असं काही नव्हतं. बस दिसली की मावशी रोडावर जाऊन हात दाखवायची, एकेकीला चढवायची आणि मग ड्रायव्हरला म्हणायची, "हं, जा आता बाप्पा."

प्रवेशाच्या दिवसांत खेड्यावरचे बाप आधी ऑफिसात येत नसत, शेडापाशी थांबत. "बाई, तुमी हाये न इथं? मंग टाकतो पोरीचं नाव." आमचे निकाल, आम्हा प्राध्यापकांच्या पदव्या त्यांनी कधी विचारल्या नाहीत. खरं सांगतो, मला त्याचा राग यायचा.

पुढे तपासणीसाठी बाहेरची समिती येणार होती. तयारी माझ्याकडे. मीटिंगमध्ये मी म्हणालो, गेटावर ते शेड बरं दिसत नाही.

"चार दिवस बंद ठेवू," प्राचार्य म्हणाले. "पाडायचं कायले?"

मी म्हणालो, एकदाचं पाडलेलंच बरं. दुसऱ्या दिवशी पाडलं.

मावशी मला व्हरांड्यात गाठून म्हणाली, "सर, कोणाच्या मनात आलं हे? माह्यानं काही चुकलं काय?"

"वरून आलं, मावशी. मी लय बोललो. कोणी ऐकलं नाही."

"तुमी बोलले न, बस झालं," ती म्हणाली. माझ्यावर तिचा विश्वास बसला, हे मला दिसलं.

समिती येऊन गेली. शेडाच्या जागी आम्ही कुंड्या मांडल्या. पोरी रोडावर उन्हात उभ्या राहू लागल्या, मोटरसायकलवाले घिरट्या घालू लागले. दिवाळीनंतर रिठदची एक पोरगी यायची बंद झाली. माझ्या वर्गात उलटून प्रश्न विचारणारी ती एकटीच होती. मी तिच्या घरी गेलो.

"पोरगी हुशार हाये, मले मालूम हाये," बाप म्हणाला. "पण तिथं पाहाले कोण हाये आता?"

"आम्ही आहोत की."

"तुमी तास सुटला का गाडीले किक मारता, सर."

पोरीनं चहा आणून दिला. मी काही बोलीन म्हणून दाराशी थोडी थांबली, मग आत गेली. उन्हाळ्यात तिचं लग्न झालं. शिक्षण राहिलं ते राहिलंच.

मावशी मागच्या वर्षी गेली. तेरवीला तिच्या पोरानं मला सगळ्यांच्या पुढे नेऊन बसवलं. पाहुण्यांना सांगितलं, "माय नेहमी म्हणे, अख्ख्या कॉलेजात हे एकच सर माह्यासाठी भांडले." लोकांनी माझ्याकडे मानानं पाहिलं. तेव्हा बोलता आलं असतं. मी पान वाढून घेतलं आणि जेवलो.

मावशीला सांगायची वेळ गेली. तिच्या पोराला आणि रिठदच्या त्या मुलीला, शेड मी पाडायला लावलं, हे समोर बसून सांगणं माझ्याकडून बाकी आहे. अजून मी गेलेलो नाही.