रजेवर आलेला माणूस

आमच्या डोक्यावर रोज दुपारी लढाई चालायची. जेवून जरा आडवं व्हावं, तर वरच्या फ्लॅटमध्ये तोफा सुरू. जुळे सोलापुरात शांतता म्हणून घर घेतलं आणि नशिबी हे आलं. निवृत्त शिक्षिकेची झोप आणि राग, दोन्हींची वेळ ठरलेली असते. एके दिवशी मी तणतणत जिना चढले.

दार उघडंच होतं. टीव्हीवर रणगाडे धडाडत होते आणि समोर खुर्चीत एक काटकुळे म्हातारे गृहस्थ मान छातीवर टाकून गाढ झोपले होते. मी रिमोट उचलून आवाज बंद केला. ते ताडकन उठले आणि माझ्याकडे न बघताच ओरडले, "माग का बंद पडला?"

हे नरसय्यामामा. पूर्व भागातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात त्यांनी उभी हयात यंत्रमाग चालवले. राहायची खोलीही कारखान्याच्या भिंतीला लागून, म्हणजे कामावर असोत की घरी, खडखडाट सुटलेला नाही. बायको गेली, छाती सुताच्या धुळीनं भरली, "पुन्हा कारखान्यात पाऊल टाकलंत तर फार दिवस काढणार नाहीत," असं डॉक्टरांनी बजावलं, तेव्हा मुलगा श्रीनिवास त्यांना आपल्या घरी घेऊन आला. विम्याच्या ऑफिसात नोकरी करणारा हा सरळ मुलगा. लहानपणापासून त्यानं बापाला फक्त थकलेलं पाहिलं होतं. आता एकदा विसावलेलं बघायचं, एवढीच त्याची इच्छा होती. बाल्कनीची खोली त्यानं बापाला दिली आणि नवरा-बायको आतल्या कोंदट खोलीत गेले.

"बाई, हितं लई गप्प हाय," मामा मला म्हणाले. "डोळाच लागंना. म्हून रोज ह्योच पिक्चर लावतो. ह्यात गोळीबार हाय, तेवढाच आधार." त्यावर भांडण काय करणार? मी कानात कापूस घालू लागले, आणि पुढे पुढे तर मीच वर जाऊन बसू लागले.

मागावर त्यांचं प्रेम होतं असं कुणी समजू नये. "त्यानं माझं कान खाल्लं, छाती खाल्ली. जळो त्याचं तोंड!" असं ते उठता बसता म्हणायचे. पण सोफ्यावर टेकायचे नाहीत. सोफा आणि भिंत यांच्यामधल्या बोळात येरझाऱ्या घालायचे, एकदा इकडे बघ, एकदा तिकडे बघ, जणू दोन्ही बाजूंना माग चालू आहेत. सून लता म्हणायची, "नान्ना, फरशी झिजेल आता." नान्ना म्हणजे तेलुगूत बाबा. मग ते ओशाळून बसायचे आणि पुन्हा नकळत उठायचे.

मे महिन्यात एका दुपारी तोच सिनेमा मी त्यांच्याबरोबर सगळा पाहिला. पडद्यावर गोळीबार असेतो मामा घोरत होते. मग एक शांत प्रसंग आला आणि ते टक्क जागे झाले. एक जवान रजेवर घरी येतो. आई खीर करते, मऊ अंथरूण घालते. हा मात्र बूटही न काढता अंगणात उकिडवा बसून राहतो आणि रजा संपायच्या आतच बॅग उचलून निघतो. मामांचे डोळे भरले होते. माझ्या लक्षात आलं, की एवढ्या दिवसांत त्यांनी या सिनेमातला हा एकच प्रसंग पाहिलेला आहे. त्यांच्या लेखी ती लढाईची गोष्टच नव्हती.

"शूर आहे हो पोरगा," मी म्हणाले.

"शूर बिर काय न्हाय. त्याला दुसरं काय येतच न्हाय, बाई." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "पुढं काय होतं त्याचं? मला तर झोप लागते."

"मरतो. चौकीवरच."

"चौकीवर व्हय? मग बरं झालं."

मला राग आला. बरं काय त्यात! पण त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

पावसाळ्यात लताला त्यांच्या कॉलरमध्ये सुताची बारीक लव सापडली. देवळात जातो म्हणून मामा सकाळी रिक्षानं थेट कारखान्यात जात होते. श्रीनिवास आयुष्यात पहिल्यांदा बापावर ओरडला. नंतर माझ्या दाराशी पायरीवर बसून रडला. "काकू, तुम्ही तरी सांगा त्यांना. मला माझा बाप आणखी थोडे दिवस हवाय."

मी सांगायला गेले. "एवढ्या शिव्या देता मागाला, मग जाता कशाला?"

"शिव्या द्यायला तरी तितंच जावं लागतं की," ते हसले आणि हसता हसता त्यांना खोकल्याची उबळ आली. दम परत आल्यावर हळू म्हणाले, "श्रीनू लई गुणाचा हाय. त्यानं मला रजा दिली. पर रजा भोगायची कशी, ते कुणी शिकवलंच न्हाय, बाई."

हे मी श्रीनिवासला जसंच्या तसं सांगितलं. दसरा झाल्यावर त्यानं स्वतः रिक्षा बोलावली आणि बापाला त्या जुन्या खोलीत सोडून आला. तो चुकला असं मला तेव्हा वाटलं. आजही कधी वाटतं, कधी नाही.

थंडी सरायच्या आत मामा गेले. शेवटचे दिवस श्रीनिवास तिथेच त्यांच्या उशाशी होता. दिवसकार्य झाल्यावर तो माझ्याकडे आला, चहाचा कप हातात धरून तसाच बसून राहिला.

"काकू, कारखान्यात आवाजामुळे कुणाचं कुणाला ऐकू येत नाही. सगळं हातांच्या खुणांनी चालतं. लहानपणी मला त्या सगळ्या यायच्या. नंतर विसरलो, मुद्दामच विसरलो. शेवटच्या दिवशी नान्नांना बोलवत नव्हतं. भिंतीपलीकडे माग चालू होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात उचलून एक खूण केली. शेजारच्या कामगाराला करतात ती. चहाला जाताना."

"काय असतो तिचा अर्थ?"

"माझा माग बघ, मी जरा जाऊन येतो."

श्रीनिवासनं डोळे पुसले.

"मी मान हलवली, काकू. जा म्हटलं, मी बघतो."