मचाणाखालचा सडा

काटा वर यायला तयार नव्हता. नॉब फिरवला, केबल हलवली, बॅटरी बदलली. मागं डायरेक्टर साहेब रुमालानं मान पुसत उभे होते.

सुलतानपूरजवळ शेषराव नावाच्या शेतकऱ्याच्या वावरात आम्ही लाकडी मचाण बांधून रेडिओमीटर बसवला होता. जमिनीतून आपसूक मायक्रोवेव्ह लहरी निघतात, डोळ्यांना दिसत नाहीत. रेडिओमीटर त्या ऐकतो, अगदी वरच्या पापुद्र्याखालच्याही. कोरडी माती जोरात बोलते, ओली हळू. एवढंच शास्त्र. हे जमलं तर पुढं विमानातून अख्ख्या तालुक्याची ओल मोजायची, हे माझं वेड. प्रोजेक्ट राहणार की बंद होणार, ते त्या दिवशीच्या रीडिंगवर ठरणार होतं.

आदल्या दिवशी तिथलीच माती ओव्हनमध्ये वाळवून तोलली होती. खडखडीत कोरडी. आणि आता काटा म्हणत होता, ओली.

साहेबांनी बुटाच्या टोकानं माती उकरली.

"माती कोरडी, तुमचं मीटर ओलं. कुणाचं खरं मानू?"

"सर, काल बरोबर दाखवत होतं."

"काल मी नव्हतो."

"एक दिवस द्या, सर."

"वर्षं दिली तुम्हाला." ते जीपमध्ये बसले. मलकापूरला रेल्वे गाठायची होती.

मी शिडीपाशी बसून राहिलो. शेषरावांची बायको धुरपताबाई जेवायला बोलवायला आली.

"काऊन भाऊ, साहेब जेवल्याबिगर गेले? म्या तं पहाटीच सडा टाकला अठी."

"कुठं?"

"अठीच, मचाणाखाली. येवढे मोठे लोक येऊन राह्यले, त्याईले काय धुळीत उभं करू? पाणी सारं भेगाईत जिरलं, मंग पुन्हा टाकलं."

काळी माती. वरून उन्हानं वाळली, पाणी खाली भेगांत. मीटर खरं बोलत होतं. त्या साली विहिरी आटल्या होत्या. ते पाणी बाईनं लांबच्या झिऱ्यावरून डोक्यावर आणलं होतं. वावर नांगरू नका, ढोरं सोडू नका, सगळं मी बजावलं होतं. सडा कुणाच्या डोक्यात येणार?

"साहेब खूश झाले न?" तिनं विचारलं.

"हाव," मी म्हणालो.

साहेब ऑफिसात पोचल्यावर लोणारच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावला. सगळं सांगितलं.

"आता सारवासारव नको," साहेब म्हणाले. "बंदचा रिपोर्ट गेला."

मचाण उतरवलं. फळ्या शेषरावांनी गोठ्याला लावल्या. मी सबस्टेशनचे ट्रान्सफॉर्मर तपासत रिटायर झालो. मायक्रोवेव्हला पुन्हा हात लागला नाही, आणि ते दुःख अजून गेलेलं नाही. नवे इंजिनीअर भेटले की एवढंच सांगतो: कुणाच्या वावरात मीटर लावायचं असेल, तर त्या घरी पाहुणा आल्यावर काय करतात ते आधी विचारा.