फाळक्यावरची थाप

सुरुवात मूर्खपणापासूनच करते. तो सगळा माझा आहे, त्यात भुताखेतांचा हात नाही. नवरा गेल्यावर मी आमची जीप महिनोन्‌महिने डांबरी रस्त्यावर फोर व्हीलची दांडी लावून पळवली. गाड्यांतलं कळणारे आत्ता कपाळावर हात मारून घेतील... घ्या. ज्यांना कळत नाही त्यांच्यासाठी सांगते. ती दांडी चिखलात नाहीतर वाळूत लावायची असते, म्हणजे चारही चाकं ओढतात. कोरड्या डांबरीवर लावली की पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात, आणि त्या भांडणात मधले सांधे झिजतात. आमच्या ह्यांनी, म्हणजे गावाच्या नानांनी, हे मला हजारदा सांगितलं होतं. "त्या दांडीला उगा हात लावायचा न्हाई." ते गेले आणि मी पहिला हात तिलाच लावला! माझं म्हणणं असं की चार चाकं असताना दोघांनीच का राबायचं? बाकीची दोन काय जावई आहेत? स्टिअरिंग जड व्हायचं, तर मला वाटायचं — वा, काय ताकद आली गाडीत!

असल्या बाईचा अमानवीय गोष्टींवर विश्वास असेल का? सासूबाई अमावास्येला उंबऱ्यावर लिंबू ठेवायच्या आणि मी दुसऱ्या दिवशी त्याचं सरबत करून प्यायचे. आजही कुणी अंगात आल्याचं सांगितलं की मी आधी जेवण झालंय का विचारते. तरीही हे लिहिते आहे, कारण नातवंडांना सांगून झालं, ती हसून झाली, आणि माझं कोडं होतं तिथेच आहे.

गोष्ट पंच्याण्णव-शहाण्णवच्या उन्हाळ्यातली. नगर जिल्हा, पारनेर तालुका. टाकळी ढोकेश्वरहून आत माळावर आमची वस्ती. माळाच्या मध्ये एक ओढा, उन्हाळ्यात नुसती वाळू. ओढा ओलांडला की थोड्या वेळाने डांबरी लागते आणि मग टाकळीकडे उतरणारा एक तीव्र उतार. त्याला सगळे गाढवउतार म्हणतात. वस्तीवर एसटी येत नाही. तेव्हा फोनही नव्हता. होती ती ही जीप, ह्यांनी नगरला मिलिटरीच्या लिलावातून आणलेली.

गाडी चालवायला मला ह्यांनीच शिकवलं. शेजारी बसून शिकवायला लागले तर पहिल्याच दिवशी असं भांडण झालं की दोघांनी बोलणं सोडलं. मग हे मागे जाऊन बसले आणि ट्रकच्या क्लीनरसारखे मागच्या फाळक्यावर, म्हणजे गाडीच्या मागच्या पत्र्याच्या झडपेवर, थाप मारून हुकूम द्यायला लागले. एक थाप — थांब. दोन थापा — जाऊ दे. बोलणं दोन दिवसांत सुरू झालं, पण थापा कायमच्या राहिल्या. पुढे त्यांचा गुडघा वाकेनासा झाला, क्लच दाबता येईना. मग मीच ड्रायव्हर, आणि हे मागे पाय लांब करून क्लीनर. हातात तांब्याची अंगठी, त्यामुळे थापेच्या शेवटी एक बारीक 'टण्' यायचा. वर्षानुवर्षं एकाच जागी मारून मारून फाळक्याच्या पत्र्याला खड्डा पडला होता, रंग उडाला होता.

ते गेल्यावर वस्तीवर मी, एक गाय आणि रेडिओ. रेडिओ बोलतो पण ऐकत नाही, गाय ऐकते पण बोलत नाही. संध्याकाळी मी दोघांना समोरासमोर ठेवून मध्ये बसायची.

मुलगा पुण्यात नोकरीला. त्याचं एकच पालुपद — "आई, जीप विकून टाक आणि इकडे ये. तिथे एकटी काय करतेस?" नगरला गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं. जीप गेली म्हणजे माझं वस्तीवर राहणं संपलं, हे त्याला ठाऊक होतं आणि मलाही. मी हो म्हटलं. खरं सांगते, पुण्याची ओढ अजिबात नव्हती. थकले होते, एवढंच.

तर त्या सकाळी मागचं सगळं सामान उतरवलं. पोती, दोरखंड, कॅन, झाडून सगळं. स्टेपनी आणि जॅक घट्ट बांधले. जीप धुतली, नवरीसारखी पुसली आणि निघाले. दांडी? लावलेलीच!

ओढा पार केला. डांबरीला लागले आणि मागून आवाज आला. ठप्प... टण्.

एकच थाप. माझा पाय ब्रेकवर गेला. मी ठरवून नाही नेला, पायाला सवयच ती. मागे वळून पाहिलं तर कोण असणार? मोकळा पत्रा आणि मागे पसरलेला माळ, भर उन्हात पांढरा पडलेला. खडा उडाला असेल म्हणून निघाले. थोडं पुढे गेले तर पुन्हा. ठप्प... टण्.

आता मात्र मी तोंड सोडलं. "मेलात तरी मागे बसून हुकूम सोडताय का? विकायला चाललेय मी गाडी! बसा आता नगरच्या गिऱ्हाइकाला थापा मारत!" त्या माळावर माझा आवाज मलाच केवढा मोठा वाटला. कित्येक दिवसांत मी इतकं मोठ्याने कुणाशी बोलले नव्हते.

तिसरी थाप गाढवउताराच्या तोंडाशी पडली. मी जीप थांबवली आणि रागारागाने उतरून मागे गेले. फाळक्याशीच भांडायला, दुसरं काय! उतरताना चप्पल निसटून गाडीखाली गेली. ती काढायला वाकले तर मागच्या चाकांना फिरवणारा लोखंडी दांडा, प्रोपेलर शाफ्ट म्हणतात तो, पुढच्या सांध्यात निखळत येऊन लोंबत होता. त्या सांध्याला क्रॉस म्हणतात.

पदर डोक्यावर घेतला आणि उतार उतरून चालत टाकळीला गेले. तिथल्या बाळू मिस्त्रीला त्याच्या लूनावरून घेऊन आले. बाळूचं तोंड हातापेक्षा जास्त चालतं. खाली सरपटत गेला आणि तिथूनच ओरडला, "काकू, क्रॉसचा पार भुगा झालाय! काय फोर व्हील लावून डांबरीवर फिरत हुत्या का काय?"

"छे, मी कशाला," मी म्हटलं.

"मग दांडी का लावलेली हाय?"

मी पदराने आरसा पुसायला घेतला.

बाहेर येऊन त्याने हात पुसले. "उतारावर ह्यो शाफ्ट पुढनं सुटून डांबरात रुतला आस्ता ना काकू, तर जीपनं कोलांटी मारली आस्ती. तुमी थांबल्या कशा?"

मी थापेचं सांगितलं. तो पोट धरून हसला. खोलून काढलेला शाफ्ट हातात घेऊन त्याने सांधा हलवून दाखवला. ठप्प... टण्. हुबेहूब तोच आवाज! "ही बगा तुमची थाप. क्रॉस गेला की आसंच वाजतंय. नाना कशाला येतील, त्यास्नी काय सुखानं मरू बी द्यायचं न्हाई का?"

मीही हसले. बरं वाटायला हवं होतं, आणि झालं उलटंच. ह्यांना पोहोचवून आल्यावर घर जसं वाटलं होतं तसा तो माळ वाटायला लागला. सकाळपासून मागे कुणीतरी होतं. बाळूने ते स्पॅनरने खोलून माझ्या हातात दिलं.

नवा क्रॉस नगरहून आणावा लागणार होता. बाळू म्हणाला, "आता मागची चाकं ओढायची न्हाईत. पुढच्या दोनांवर हळू घरी जावा. दांडी मातुर लावूनच ठेवा, काढली तर जागची हलायची न्हाई." म्हणजे ज्या दांडीने घात केला तिच्यावरच घरी जायचं! शाफ्ट गोणपाटात गुंडाळून त्याने माझ्या शेजारच्या सीटवर ठेवला. जाताना फाळक्यावर हात फिरवून म्हणाला, "आठ दिसांत येतो. गिऱ्हाइकाला दाखवायची तर ह्यो खड्डा बी ठोकून काढतो. रंग मारला की कळायचं बी न्हाई."

"काढ," मी म्हटलं.

ऊन कलतं झालं होतं. मी ओढ्यात उतरले आणि मध्यावर जीप बसली. पुढची चाकं नुसती वाळू उडवत फिरायची, मागची दोन जावयासारखी स्वस्थ. एकदा प्रयत्न केला, दोनदा केला. मग इंजिन चालू ठेवून नुसती बसून राहिले. ओढ्यात बसलं की माळही दिसत नाही. वरती आभाळ आणि दोन्हीकडे दरडी. वस्तीवर गाय हंबरत असेल, आणि मी आले नाही हे त्या गाईशिवाय जगात कुणालाही कळणार नव्हतं. तेव्हा मनात आलं की मुलाचंच बरोबर आहे. उद्याच पुण्याला जावं.

आणि मागून थाप आली. ठप्प... टण्. पुन्हा — ठप्प... टण्.

दोन थापा. जाऊ दे.

शाफ्ट माझ्या शेजारी गोणपाटात होता. माझा डावा हात त्याच्यावरच होता. तो हललासुद्धा नाही.

मी मागे वळून पाहिलं नाही. धाडस नव्हतं म्हणा, किंवा वळले आणि कुणी नसलं तर... असंही म्हणा. डोळे पुसले, हळूच क्लच सोडला आणि जीप वाळूतून वर निघाली. वस्तीपर्यंत मी एकदाही थांबले नाही. अंगणात आल्यावर मात्र फाळक्यापाशी गेले. हाताचा ठसा वगैरे काही नव्हतं. तसं सिनेमात असतं. आमच्या इथे नुसती धूळ होती.

टाकळीच्या एसटीडी बूथवरून मुलाला कळवलं, "जीप विकणार नाही. गिऱ्हाईक मला आवडलं नाही."

"आई, तू त्याला भेटलीच नाहीस!"

"म्हणूनच," मी म्हटलं आणि फोन ठेवला. त्यानंतर त्या वस्तीवर मी कितीतरी वर्षं राहिले.

आठ दिवसांनी बाळू नवा क्रॉस घेऊन आला. शाफ्ट बसवून झाल्यावर मी त्याला ओढ्यातलं सांगितलं. या वेळी तो हसला नाही. त्याने स्टेपनी हलवून पाहिली, जॅक पाहिला, हूक वाजवून पाहिले, खाली सरपटून सायलेन्सरवर थापा मारल्या. एकाचाही आवाज तसा येईना. पुढेही मी तो ओढा कितीदा तरी ओलांडला, मुद्दाम मध्येच थांबले, कधी चिडवून पाहिलं, कधी विनवून. पुन्हा कधीच काही वाजलं नाही. ते काय होतं, मला आजही सांगता येत नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा. फक्त खडा उडाला असेल असं म्हणू नका, गाडी उभी होती.

त्या दिवशी बाळू पत्रा ठोकायची हातोडी घेऊन फाळक्यापाशी गेला, खड्ड्यावर तळवा ठेवून पाहिला. मग ती पिशवीत टाकली आणि लूनाचं पॅडल मारता मारता म्हणाला, "काकू, क्रॉस नवा बसवलाय. पन ह्यो खड्डा ऱ्हाऊ द्या. मागं बसनाऱ्याला हात मारायला जागा नको व्हय?"