अण्णाची मंगलाष्टकं

तीस वर्षं मी बेळगावच्या शाळेत विज्ञान शिकवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुम्हाला माझ्या विद्यार्थ्यांची कीव येईल.

माझा मोठा भाऊ, आमचा अण्णा, निपाणीत वकिली करायचा. आवाज असा की कोर्टात उलटतपासणी सुरू झाली की बाहेरच्या चहावाल्याला साक्ष कळायची. आणि त्या आवाजाला एक व्यसन होतं, मंगलाष्टकांचं. नात्यातलं, शेजारचं, अशिलाच्या घरचं कुठलंही लग्न असो, अण्णा खिशातून घडी घातलेला कागद काढायचा. स्वतः रचलेली मंगलाष्टकं. त्यात नवरीमुलीच्या आजोळच्या गावापासून नवऱ्याच्या पगारवाढीपर्यंत सगळं यायचं. चाल एकच, सूर मात्र दर ओळीला वेगळा. हार धरून हात भरून आलेली नवरा-नवरी बिचारी एकमेकांकडं बघायलाही न मिळता अंतरपाटाआड ताटकळत उभी. लोक चिडून मधेच सगळ्या अक्षता टाकून मोकळे व्हायचे, पण अण्णा ढिम्म. "अजून दोन कडवी हाईत," असं माइकवर सांगून पुढं चालू.

मग घशाचा कर्करोग निघाला. तंबाखूच्या गावात जन्म आणि दाढेखाली कायम चिमूट, दुसरं काय होणार होतं? डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. ऑपरेशनला आठ दिवस होते. मी रजा टाकून निपाणीला गेले. मला वाटलं होतं माणूस खचला असेल. हा पठ्ठ्या मला म्हणतो, "रेकॉर्डिंग करायला बस. पोरीचं लग्न अजून व्हायचं हाय."

आठ दिवस मी त्याच्यासमोर माइक धरून बसले. सगळ्यात आधी लेकीसाठी अकरा मंगलाष्टकं म्हटली. मग राहवेना म्हणून खोटा साक्षीदार कसा ओळखावा, ओल्या हरभऱ्याच्या सोलाण्यांची आमटी कशी करावी, शेजाऱ्याचा बांध कुठं सरकला, असं मनात येईल ते बोलत सुटला. ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळतं, ते त्यानं नाकारलं. तेव्हापासून गळ्यात शाळेची पाटी आणि खिशात पेन्सिल. ते सगळं रेकॉर्डिंग एका हार्ड डिस्कवर ठेवलं आणि ज्यावर ते केलं तो जुना कॉम्प्युटर भंगारात दिला. दुसरी प्रत केली नाही. करू करू म्हणत राहिलो.

तीन वर्षांनी पोरीचं लग्न ठरलं. तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. नवरात्रात मी निपाणीला गेले, ती खंडेनवमीला.

खंडेनवमीला आमच्याकडं झाडून सगळ्या हत्यारांची पूजा होते. विळी, कोयता, शिलाई मशीन, मिक्सर, अण्णाची कायद्याची पुस्तकं, सगळं देवापुढं सतरंजीवर मांडायचं. फुलानं पाणी शिंपडायचं, हळदी-कुंकू, अक्षता वाहायच्या. आणि दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत कशाला हात लावायचा नाही. भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची. त्या वर्षी माझ्या मनात आलं, घरातलं सगळ्यात मोठं हत्यार तर ती हार्ड डिस्क! तिच्यात अण्णाचा आवाज. ठेवली मधोमध. मिक्सरला दोन थेंब दिले, पुस्तकांना नुसतं कुंकू. हिला मात्र मान म्हणून फुलानं चांगलं न्हाऊ घातलं.

वैनींच्या लक्षात आलं. "वन्सं, वायर खुपसायच्या जागी पाणी साचलंय बघा. पुसू का?"

"हात लावू नका वैनी," मी म्हटलं, "पूजा मोडंल."

विज्ञानाच्या बाई! पाणी रात्रभर तिथंच मुरलं. दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर मी वरवर पुसून डिस्क लॅपटॉपला लावली. टक टक टक असा आवाज आला, मग जळका वास. पडद्यावर काही नाही. मी काढून पुन्हा लावली. पुन्हा टक टक. असं दहा वेळा तरी केलं असेल. मग कुणीतरी सांगितलं म्हणून तांदळाच्या डब्यात पुरली. चौथ्या दिवशी उकरून काढली तेव्हा तांदळाला कुंकवाचा रंग आला होता आणि डिस्क होती तशीच मुकी.

अण्णाला सांगायची हिंमत होईना. पण तो वकील. माझं तोंड बघूनच त्यानं पाटीवर लिहिलं, "कबूल कर." मी रडत रडत सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं, पाटी पुसली, लिहिलं, "देवानं माजी मंगलाष्टकं ऐकली असतील. म्हणून ही येवस्था." आणि खांदे हलवून हसला. मला मात्र त्याचा रागच आला. रडायचं तर रडावं माणसानं, असं हसून समोरच्याला आणखी लाजवू नये. पुढं स्वयंपाकघरात गेले तर वैनी पाठमोऱ्या उभ्या होत्या आणि पदर डोळ्याला होता. पस्तीस वर्षं ज्या आवाजानं डोकं उठवलं, तो आवाज लग्नात एकदा ऐकायचा म्हणून ती बाई दिवस मोजत होती.

बेळगावला एकजण बिघडलेल्या डिस्कमधलं काढून द्यायचं काम करतो असं कळलं. मी डिस्क टॉवेलात गुंडाळून, डब्यात घालून एसटीनं मांडीवर घेऊन आले. पन्नाशीचा माणूस, घरी कानडी, आमच्याशी मराठी. त्यानं भिंगातून डिस्क बघितली आणि बघतच राहिला. "आक्का, हळद हाय, कुंकू हाय, अक्षता हाईत. लगीन लावलाय काय हो ह्याचं?"

मी खंडेनवमीची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, "आमच्यातबी आयुधपूजा हाय की. मी माझ्या मशीनांना लांबनंच हात जोडतो." मग विचारलं, "ह्यातलं काय पाहिजेच?" मी म्हटलं, मंगलाष्टकं. "आयतु," म्हणजे बरं, बघू या.

त्यानं उघडून तपासलं आणि सांगितलं, पाणी आत चकतीपर्यंत गेलं नव्हतं. बाहेरची सर्किटची पट्टी जळली होती. तसलीच जुनी डिस्क शोधून तिची पट्टी ह्या डिस्कला बसवायची, आमच्या पट्टीवरची एक बारीक चिप काढून तिच्यावर डकवायची, मग हळूहळू वाचून घ्यायचं. पण मी दहा वेळा जी टकटक केली, तिनं काही जागा खराब झाल्या होत्या. ते ऐकून मला जमीन दुभंगावी असं वाटलं. पाण्याचं एक वेळ देवावर ढकलता आलं असतं, हे कुणावर ढकलू?

तीन आठवड्यांनी त्यानं एक नवी डिस्क हातात ठेवली. दोनशेच्या वर फाइली, एकीलाही नाव नाही, नुसते आकडे. लग्नाला दहा दिवस राहिलेले. निपाणीच्या सोप्यात आम्ही तिघं बसलो आणि एकेक लावून ऐकायला लागलो. अण्णाचा आवाज घरात घुमला तसा वैनींच्या हातातलं सूप खाली पडलं. पण पहिला अर्धा तास सरला आणि बाई त्या आवाजाशी भांडायलाच लागल्या. तो म्हणे, आमटीला लसूण कमी लागतो. ह्या इकडून, "व्हय, म्हणूनच तुमच्या आईची आमटी कुणी खात नव्हतं." तो म्हणे, मी कधी कुणावर ओरडलो नाही. ह्या, "खोटं लई बोलू नका, वन्सं बसल्यात इथं." अण्णा दोघींकडं बघत होता. दुपारपर्यंत ऐकून झाल्यावर त्यानं पाटीवर लिहिलं, "लई बोलत होतो गं मी."

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं सापडली. अकराच्या अकरा. फक्त शेवटच्या कडव्याच्या शेवटी "शुभमंगल" एवढं येतं आणि तिथंच आवाज कापल्यासारखा थांबतो. मी बेळगावला फोन केला. तो म्हणाला, "त्याला काय आक्का, वरच्या कडव्यातलं सावधान उचलून खाली चिकटवतो. कुणाला कळणार न्हाय." मी अण्णाकडं बघितलं. त्यानं जोरात मान हलवली आणि लिहिलं, "पुराव्यात फेरफार न्हाय." मरतानासुद्धा कायदा सोडणार नाही हा! शेवटी असं ठरलं की तेवढं एक सावधान गुरुजींनी म्हणायचं.

निपाणीच्या कार्यालयात लग्न लागलं. अंतरपाट धरला, स्पीकर सुरू झाला. निम्म्या मंडळींना काही माहीत नव्हतं. तो आवाज कानावर पडला तसे लोक इकडंतिकडं बघायला लागले, मग अण्णाकडं. अण्णा स्पीकरशेजारी ताठ उभा, फेटा बांधून. पाचव्या कडव्यात सूर नेहमीसारखा घसरला. एरवी हसणारे लोक हातात अक्षता धरून तसेच उभे राहिले. एकानंही आधी टाकल्या नाहीत. अकरावं कडवं आलं, त्यात फक्त पोरीचं नाव आणि ती लहानपणी कोर्टात येऊन त्याच्या खुर्चीवर झोपायची ते.

"शुभमंगल..." आणि आवाज थांबला.

गुरुजींनी पुढं म्हणायचं, तर ते उपरण्यानं डोळे पुसत होते. कार्यालयात कुणी हलेना. मी त्यांना खूण करणार तेवढ्यात अण्णानं सवयीनं छाती भरून श्वास घेतला, मान वर केली आणि तोंड पूर्ण उघडून तो शब्द म्हटला. मी इतकी जवळ होते, मला नुसता वारा ऐकू आला.

पोरीनं बापाच्या ओठांवरून नजर काढली, स्वतःच्या हातानं अंतरपाट खाली केला आणि नवऱ्याच्या गळ्यात हार घातला.